एक कान बंद झाला तर काय बिघडते?

बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा सुटीत पूर्णा येथे आमच्या घरी आला होता. अंगणात उजवीकडून हाक मारली की तो हमखास डावीकडे बघायचा. पोरे त्याला "येंधळा" म्हणून चिडवायची. शाळेतही "लक्ष नसते" म्हणून मार खायचा. एके दिवशी रस्त्यावर मागून, उजव्या बाजूने ट्रॅक्टर आला. हॉर्न त्याला ऐकू आला, पण तो डावीकडून वाजला असे वाटून पोरगा उजवीकडेच सरकला. थोडक्यात वाचला!

तपासणी केली तेव्हा उजवा कान जवळजवळ निकामी निघाला. वडीलधारे म्हणाले, "दुसरा कान चांगला हाय ना? मग काय बिघडलं?"

वाचकहो, काय बिघडते ते समजून घेऊ. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाला नंतर. हा फरक किती? सेकंदाचे दीड हजार भाग केले तर जास्तीत जास्त त्यातील एक! पण मेंदू तेवढाही हिशेब ठेवतो. शिवाय डोक्याची सावली पडते. शिट्टीसारखा बारीक आवाज पलीकडच्या कानाला मंद ऐकू येतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्येच हे मांडले.

मग समोरचा, मागचा किंवा डोक्यावरचा आवाज कसा ओळखायचा? तो तर दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. तेथे कानाच्या बाहेरच्या वळ्या कामाला येतात. त्यांवर आपटून आवाजातील काही सूर वाढतात, काही दबतात. प्रत्येक दिशेचा हा फेरफार वेगळा आणि प्रत्येक माणसाचाही वेगळा.

हा फेरफार मोजताही येतो. प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत माणसाला बसवून दोन्ही कानांच्या तोंडाशी बारीक मायक्रोफोन ठेवतात, स्पीकर निरनिराळ्या दिशांना नेतात आणि कानाशी पोचलेला आवाज मूळ आवाजाशी ताडून बघतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९९४ मध्ये 'केमार' नावाच्या माणसासारख्या पुतळ्यावर ७१० दिशांची अशी मोजणी झाली. हेडफोनमध्ये आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा वाटतो, तो अशाच मोजणीच्या आधारे.

नेदरलँडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार जणांच्या कानांत साचे बसवून वळ्यांचा आकार बदलला. त्यांना आवाज वरचा की खालचा हे कळेना. डावे-उजवे मात्र कळत होते. काही आठवड्यांत मेंदू नव्या आकाराला सरावला. म्हणजे दिशा ओळखणे ही मेंदूने शिकलेली विद्या आहे.

पण एक कान पूर्ण गेला तर तुलनेला दुसरी बाजूच राहत नाही. हाक ऐकू येते, दिशा कळत नाही. गलक्यात बोलणे निवडून ऐकणेही जड जाते. हा मुलाचा वेंधळेपणा नाही, मस्ती तर नाहीच.

मग घरी काय करावे? आंधळी कोशिंबीर खेळताना लक्ष ठेवा. डोळे बांधलेले मूल वारंवार उलट्या बाजूला वळत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या आणि प्रत्येक कानाची वेगळी श्रवणचाचणी करून घ्या. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. कानात गरम तेल ओतू नका. कानशिलात मारू नका, त्याने पडदा फाटू शकतो. रस्ता ओलांडताना कानावर विसंबू नये, दोन्हीकडे बघावे, हे मुलाला शिकवा.

आमचा भाचा आता वर्गात पहिल्या बाकावर उजव्या टोकाला बसतो, म्हणजे चांगला डावा कान वर्गाकडे राहतो. मला म्हणतो, "मामा, नुसतं 'अरे' म्हणू नका. कुठं आहात ते सांगा." आम्ही सांगतो, "न्हाणीजवळ हाय रे!" आणि तो बरोबर येतो.

तुमच्या घरात असे 'येंधळे' पोर असेल तर त्याचा कान पिळण्याआधी तो तपासून घ्या. पिळायची वेळच येणार नाही.