बत्तीस बटणांचा डबा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. पुणे-नाशिक रेल्वे मंचर, नारायणगावावरून आखली गेली तेव्हा बांधाबांधावर मोजणीची चर्चा होती. मग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला रेल्वेच्या विद्युत गोंगाटाचा त्रास होईल, अशी हरकत आली आणि मार्ग अडला. अवकाशातून येणारे क्षीण रेडिओतरंग टिपणाऱ्या तिथल्या ३० अँटेनांचं मोल मोठं आहे. हरकत मला रास्तच वाटते. पण इथल्या पोरांना गाडी बघायची तर पुणं नाहीतर नाशिकरोड गाठावं लागतं. म्हणून नारायणगावच्या घरात पुतण्या आणि मी लेगोच्या ठोकळ्यांची रेल्वे बांधतो. दुकानात मिळतात त्या गाड्या बहुतेक युरोपी धाटणीच्या. आम्हाला हवा असतो आपला आयसीएफ कारखान्याच्या घडणीचा निळा डबा, गजांच्या खिडक्यांसकट.

सुरुवात हिशेबाने होते. ठोकळ्यावरचं एक बटण म्हणजे ८ मिलिमीटर. डबा ८ बटणं रुंद धरला तर ६४ मिलिमीटर. खरा डबा सुमारे सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे प्रमाण साधारण ५१ ला १. त्याच हिशेबाने २१.३ मीटर लांबीचा डबा ५२ बटणांचा होतो. दिसायला झकास, पण पंचाईत वळणावर होते.

लेगोचे १६ वाकडे रूळ जोडले की वर्तुळ पुरं होतं, जेमतेम अडीच फुटांत. त्याची त्रिज्या ४० बटणं, म्हणजे ३२ सेंटिमीटर. ५१ पट केली तर १६ मीटर! आपल्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण टाकत नाहीत. खऱ्या प्रमाणात वळण द्यायचं तर सात मीटरची मोकळी जमीन हवी, ती घरात कुठून आणणार? ५२ बटणांच्या डब्याच्या दोन ट्रॉल्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे गाडे, एकमेकींपासून ३६ बटणांवर येतात. अशा वळणावर डब्याचा मधला भाग ३४ मिलिमीटर आत सरकतो आणि फलाटाला घासतो. तोच डबा ३२ बटणांचा केला, ट्रॉल्या २२ बटणांवर ठेवल्या, की हे सरकणं १२ मिलिमीटरवर येतं. लांबीला कात्री लावायची, पण खिडक्यांचा ठेका मोडायचा नाही, इथे बांधणाऱ्याचं कसब लागतं. गजांसाठी जाळीचे चपटे तुकडे बाजूला बटण असलेल्या ठोकळ्यांवर उभे बसवायचे. एक जरी अर्धवट दाबला गेला तरी भिंतीला पोक येतं.

चालवणं ही निराळी विद्या. मोटरच्या चाकांना रबर असतं, तरी इंजिन हलकं असेल तर चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून सहा बारीक सेलचा बॅटरीडबा थेट मोटरच्या डोक्यावर ठेवायचा. सेलवर चालते म्हणून वीज गेली तरी आमची गाडी थांबत नाही. लांब गाडीतला मधला हलका डबा वळणावर आतल्या बाजूला कलंडायचा, तेव्हा पुतण्या जमिनीला गाल लावून बघत होता. म्हणाला, "काका, तो पडत नाहीये, पुढचे-मागचे त्याला आत ओढतायत." अगदी बरोबर! जड डबे पुढे आणि हलके शेवटी, हा नियम खऱ्या मालगाडीलाही लागू पडतो. डाव्या वळणाला लगेच उजवं वळण जोडलं तर डब्यांची चुंबकं सुटतात. मध्ये एक सरळ रूळ टाकला की निभावतं. आसांत गुंतलेले केस मात्र चिमट्याने काढत राहावं लागतं.

या छंदाची परंपरा पाहायची तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथे ठोकळे नाहीत, पण सिग्नल, उड्डाणपूल आणि अख्खं शहर आहे. मुलांना न्याच. आणि घरी सुरुवात करणार असाल तर आधी दोनच वाकडे रूळ मागवा, आलेखाच्या कागदावर डबा काढून त्यांच्यावर ठेवून बघा, आणि मगच ठोकळ्यांवर पैसे घाला.