मानाचं माकड

धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर आहे. ही दंतकथा नाही. जमिनीच्या नोंदींत तसं लिहिलेलं आहे आणि २०२२ साली ती बातमी देशभर छापून आली. ही नोंद कोणी केली, केव्हा केली, हे मात्र गावालाही सांगता आलं नाही. पूर्वी गावात लग्न असलं की आधी माकडांना मानाची भेट द्यायची आणि मगच विधी सुरू करायचे, अशी रीत होती. माकड दारात आलं तर त्याला खायला घालायचं, हे तर आजही चालतं.

मान मिळाला की माकडाच्या डोक्यात काय होतं? प्रश्न थट्टेतला वाटेल, पण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात मायकेल नेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चक्क यंत्राने मोजला. उत्तर २००२ साली प्रसिद्ध झालं. ते कोकेनबद्दल होतं, आणि बरंचसं आपल्याबद्दलही.

आधी थोडं मेंदूच्या शेतात जाऊन येऊ. मेंदूच्या तळाशी मूठभर पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि वरच्या भागांकडे सोडतात. एका पेशीने सोडलेलं डोपामिन पुढच्या पेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे ते झेलणाऱ्या रेणूंना, चिकटतं. निरोप पोचला की उरलेलं डोपामिन मागे ओढून घेणारी यंत्रणाही असते. उसाला दारं धरणारा माणूस जे करतो तेच हे. सरी भिजली की दारं मोडायचं आणि पाणी दुसरीकडे वळवायचं. कोकेन ही मागे ओढणारी वाटच बुजवतं, त्यामुळे पाणी सरीत तुंबतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन त्याहून वाईट खोड करतं. ते ही वाट उलटी चालवतं आणि आत साठवलेलं डोपामिनही बाहेर ओततं.

जास्त पाण्याने जमिनीचं काय होतं ते मराठवाड्यातल्या ऊसवाल्याला सांगायला नको. जमीन चिबडते. मेंदूही चिबडतो. रसायनाच्या पुराला तोंड देण्यासाठी तो ग्राही कमी करतो. मग रोजच्या आनंदाचा हलका शिडकावा रुजतच नाही. जेवण, गाणं, लेकराचं हसणं सगळं कोरडं लागतं आणि फक्त पूर हवासा वाटतो.

हे कळायला माकडं का लागली? व्यसनी माणसाच्या मेंदूत ‘डी-२’ जातीचे ग्राही कमी दिसतात, हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होतं. पण आधी काय झालं? ग्राही कमी होते म्हणून माणूस नशेकडे वळला, की नशेने ग्राही घटले? ज्याने कधी नशा केलेली नाही अशा माणसाला मुद्दाम कोकेन देऊन हे तपासता येत नाही. माकडाचा मेंदू या बाबतीत आपल्याशी फार मिळताजुळता आहे, आणि त्याच्यावर नशेच्या आधी, नशेत आणि नशेनंतर अशी वर्षानुवर्षं नजर ठेवता येते.

नेडर यांच्या चमूने लांब शेपटीची २० नर मकाक माकडं घेतली. आपल्याकडच्या लालतोंड्या माकडांची ही चुलत भावंडं. आधी प्रत्येकाला दीडेक वर्ष एकेकटं ठेवलं आणि मेंदूचा पेट स्कॅन केला. या तपासणीत किंचित किरणोत्सारी पदार्थ टोचतात. तो डी-२ ग्राहींना जाऊन चिकटतो आणि यंत्राला दिसतो. मग चार-चार माकडांचे गट केले. माकडं एकत्र आली की आपोआप उतरंड लागते. एक जण म्होरक्या होतो, एक जण सगळ्यांचा मार खातो.

गट स्थिरावल्यावर पुन्हा स्कॅन झाला. म्होरक्यांच्या मेंदूत उपलब्ध डी-२ ग्राही सुमारे २२ टक्क्यांनी वाढले होते. तळच्या माकडांत फरक नव्हता. आणि एकेकटं असताना केलेल्या पहिल्या स्कॅनवरून पुढे म्होरक्या कोण होणार, हे सांगता आलं नसतं. म्हणजे चांगला मेंदू होता म्हणून मान मिळाला, असं नव्हतं. मान मिळाला म्हणून मेंदू बदलला. ना औषध, ना शस्त्रक्रिया. फक्त चौघांत आपली जागा कोणती एवढ्यानेच डोक्यातलं रसायन हललं.

मग माकडांना कळ दाबून कोकेन घ्यायची सोय दिली. तळच्या माकडांनी ते पुन्हा पुन्हा घेतलं. म्होरक्यांनी साध्या मिठाच्या पाण्यापेक्षा त्याची फारशी पत्रास ठेवली नाही. कोकेन तेच आणि कळही तीच होती. वेगळं होतं ते चौघांतलं स्थान.

पण मान म्हणजे काही अभेद्य कवच नव्हे. पुढच्या अभ्यासात दिसलं की कोकेन दीर्घकाळ मिळत राहिलं तर म्होरक्यांचाही बचाव झिजतो. २००६ साली याच प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट दाखवली. नशा सुरू झाल्यावर आठवड्याभरातच डी-२ ग्राही १५ ते २० टक्क्यांनी घटतात. वर्षभर कोकेन घेतलेल्या काही माकडांचे ग्राही नशा थांबल्यावर तीन महिन्यांत पूर्ववत झाले. काहींचे वर्ष उलटलं तरी झाले नाहीत. आधी काय, या प्रश्नाचं उत्तर असं दुहेरी निघालं. कमी ग्राही नशेकडे ढकलतात आणि नशा ग्राही आणखी घटवते.

व्यसन सुटलेला माणूस चार-सहा महिन्यांनी पुन्हा का घसरतो, याचा धागाही माकडांनीच दिला. स्वित्झर्लंडमध्ये वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळाच्या रसाचे थेंब दिले आणि एकेका डोपामिन पेशीचे ठोके ऐकले. सुरुवातीला रस मिळाला की पेशी उसळायची. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. थोड्या दिवसांत पेशी दिव्यालाच उसळू लागली. रसाला गप्प राहू लागली. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या क्षणी तिचे ठोके मंदावत. लहानपणी गारीगारवाल्याची घंटा ऐकूनच जीव उड्या मारायचा ना, तसंच हे. व्यसनातून उठलेल्यासाठी ती पानटपरी, तो मित्र, तो मोबाइलचा आवाज, सगळ्याच घंटा होऊन बसलेल्या असतात.

या ज्ञानाची किंमत माकडांनी मोजली आहे, हे विसरता कामा नये. भारताने तर १९७८ पासून प्रयोगांसाठी माकडं परदेशी पाठवणं बंद केलं. उपळ्याच्या माणसाला पिंजऱ्यातलं कोकेन ऐकूनच कसंतरी होईल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

पण किंमत मोजली गेलीच आहे, तर निदान धडा तरी घ्यावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूर तालुक्यात तामलवाडीला एमडी पकडलं गेलं आणि पुढे कित्येक महिने धाराशिव जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता. पावडर मुंबई-पुण्याची भानगड आहे, हा समज त्या दिवशी मोडला. विकणाऱ्यांचं पोलीस आणि कोर्ट पाहतील. घेणाऱ्या पोरांचं काय? गावात त्यांना शब्द एकच असतो, वाया गेलेला. पारावर, भावकीत, लग्नकार्यात अशा पोराची जागा सर्वांत खाली जाते. माणसाचा मेंदू माकडाइतका सरळ नाही हे खरं. पण त्या पोराला उतरंडीच्या तळाशी ढकलून ‘आता सोड’ म्हणणं हे त्या प्रयोगातल्या धड्याच्या अगदी उलट वागणं आहे.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथे उपचाराला आलेल्याला व्यसनी म्हणत नाहीत, रुग्णमित्र म्हणतात. उपचार हवेतच, डॉक्टर हवाच. पण त्या एका शब्दात मानाचं औषधही आहे.

उपळ्यात दारात आलेल्या माकडाला कोणी हाकलत नाही. उपचार घेऊन घरी परतलेलं पोर दारात उभं राहिलं, तर त्याला निदान तेवढा मान तरी आपण द्यायला हवा.