मामाच्या दरबारातली उलटतपासणी

पॅरिसवर जर्मनांचा अंमल असताना, ४ फेब्रुवारी १९४४ रोजी, तिथल्या आतलिए नाट्यगृहात झां आनुई यांच्या ‘अँटिगनी’चा पहिला प्रयोग झाला. कथा ग्रीकांची, पोशाख मात्र त्या दिवसांतल्या पॅरिसचे. पकडलेल्या क्रांतिकारकांना गोळ्या घातल्याची खबर देणारी तांबडी पत्रके तेव्हा शहरातल्या भिंतींवर लागत. ती पाहिली आणि सोफोक्लिसची जुनी शोकांतिका एकाएकी अंगावर आली, असे आनुई यांनी पुढे सांगितले.

राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर माती लोटणारी एक कोवळी पोर पकडली जाते. लहानपणी याच भावाने वाळूचे किल्ले करायला वापरलेले खेळण्यातले फावडे घेऊन ती गेलेली असते. तिची झडती घेणारा राजा क्रेऑन हा तिचा सख्खा मामा. त्याच्याच मुलाशी तिचे लग्न ठरलेले. त्यामुळे ही चौकशी चाबकाने सुरू होत नाही, मायेने सुरू होते. तुला येताना कुणी पाहिले का, एवढेच तो आधी विचारतो. नसेल पाहिले तर खोलीत जा, आजारी आहे म्हण, त्या तीन पहारेकऱ्यांचा मी बंदोबस्त करतो! तीन माणसे गायब करण्याची ही तयारी तो घरातली अडचण निस्तरावी तितक्या सहज बोलून दाखवतो.

मग युक्तिवाद सुरू होतात, आणि ते तकलादू नाहीत. राज्याचे जहाज बुडायला आले होते, कुणीतरी सुकाणू धरायलाच हवे होते. सत्तेसाठी एकमेकांशी लढून मेलेले तिचे दोन्ही भाऊ सारखेच नालायक होते. प्रेते इतकी छिन्नविच्छिन्न झाली होती की, इतमामाने पुरले ते कुणाचे आणि कुजत ठेवले ते कुणाचे, हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही. अँटिगनी डळमळते, खोलीकडे जायला निघते. तेवढ्यात क्रेऑन तिला पुढच्या सुखी संसाराचे चित्र रंगवून दाखवतो आणि तिथेच तिचे डोके फिरते. अशा सुखाला ती साफ नकार देते.

क्रेऑनला आनुईंनी इतके बळ दिले की जर्मनांच्या परवानगीने नाटक चालले, आणि प्रतिकार चळवळीतल्या काहींना ते सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे वाटले. खरे तर नाटकाची ताकद याच जागी आहे. हुकूमशहा राक्षस दाखवला की प्रेक्षक निर्धास्त होतो. इथे मात्र मामाचे म्हणणे प्रेक्षकाला पटू लागते, आणि ‘नाही’ म्हणण्याची पाळी त्याच्यावरही येते.

डॉ. श्रीराम लागू यांनी आणीबाणीच्या काळात हे नाटक मराठीत उभे केले, ते म्हणूनच नेमके होते. गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’तही अशीच उलटतपासणी आहे; तिथे डाव्या प्राध्यापकाला विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागते. तो श्रीधर विश्वनाथ कुलकर्णीही लागूंनीच रंगवला होता. २५ जून १९७५च्या रात्रीनंतर देशात रोज कानांवर पडत होते ते क्रेऑनचेच बोलणे: शिस्त, स्थैर्य, वेळेवर धावणाऱ्या गाड्या. पवनारहून आलेल्या विनोबा भावे यांच्या ‘अनुशासन पर्व’ या शब्दांचाही सरकारने भरपूर प्रचार केला. महाराष्ट्रात तर एरवीही नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. अशा वेळी अडीच हजार वर्षांपूर्वीची थीब्जची राजकन्या मुंबईच्या रंगमंचावर उभी राहून बोलू शकली.

नागपूरजवळच्या खापा-सावनेरच्या वाचकाला ‘नाही’ म्हणण्याचा हा प्रश्न दूरचा वाटू नये. विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टाचे दार ठोठावता येते, असे तेव्हा म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत मुंबईचे नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते म्हणणे फेटाळले. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना राहिले. तो निकाल स्पष्टपणे रद्दबातल ठरायला २०१७ साल उजाडले.

दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या कैद्यांनीही ‘अँटिगनी’ बसवले होते. त्यात नेल्सन मंडेलांनी भूमिका केली ती क्रेऑनची. आनुईंच्या नाटकातला मामा-भाचीचा प्रवेश तर दोन नट आणि एका रिकाम्या खोलीवर भागतो. कन्हानकाठच्या महाविद्यालयातल्या पोरांनी तो बसवायला घेतला, तर क्रेऑनसाठी सगळ्यांत चांगला नट निवडावा.