हॉलंडांतील नगरचित्रें व त्यांचे आश्रयदाते

चित्रकार म्हटला कीं त्याच्या पाठीशीं राजा, सरदार किंवा देवालय असावयाचेंच, अशी आपली समजूत असते. सतराव्या शतकांतील हॉलंडांत यांपैकीं एकही आधार पूर्वींसारखा उरला नव्हता. स्पेनच्या राजाची सत्ता लोकांनीं झुगारून दिली होती. आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं उपासनामंदिरांतील मूर्ति व वेदीवरील चित्रें काढून टाकल्यामुळें तेंही काम बंद पडलें. मग चित्रें घेई कोण? व्यापारी, नगरशासक व बाजारांत थोडक्या पैशांत चित्र खरेदी करणारे साधे गृहस्थ. त्यांस आपलें गांवच भिंतीवर हवें असे: तेथील कालवे, चौक, विटांच्या घरांची ओळ. हेगच्या नगरशासकांनीं तर यान फान होयेन याजकडून आपल्या नगराचें चार मीटरांहूनही रुंद चित्र करवून घेऊन १६५१ सालीं त्यास ६५० गिल्डर दिले.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें पीटर सान्रेडाम याचें एक चित्र. १६४१ च्या जुलै महिन्यांत तो अॅमस्टरडॅमच्या जुन्या नगरगृहासमोर बसला व सहा दिवस खपून त्यानें त्याचें रेखाटन केलें. इमारत जीर्ण, मनोऱ्याचा कळस कधींच उतरविलेला. शेजारीं नवें भव्य नगरगृह बांधण्यास १६४८ सालीं आरंभ झाला, आणि १६५२ सालीं जुनें आगींत जळून गेलें. सान्रेडामचा कागद मात्र जपलेला होता. त्यावरून १६५७ सालीं त्यानें तैलचित्र काढलें, तें नगराध्यक्षांनीं ४०० गिल्डरांस विकत घेऊन नव्या नगरगृहांतील आपल्या दालनांत लाविलें. संगमरवरी वैभवांत बसणाऱ्या त्या धनिकांस ती पडकी वास्तु डोळ्यांपुढें असावी असें वाटलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. चित्रांत तिचा एकही डाग झांकलेला नाहीं. हल्लीं तें राइक्सम्यूझियममध्यें आहे.

त्या आगीच्या वेळीं यान फान डर हाइडन पंधरा वर्षांचा होता. पुढें त्यानें वीट न् वीट दिसेल अशीं नगरचित्रें काढलीं. पण मनास येईल तर तो एखादी इमारत सरकवून दुसरीकडेही ठेवी! त्यानें काढलेलें नव्या नगरगृहाचें चित्र टस्कनीचा राजपुत्र कोसिमो द मेदिची यानें १६६८ सालीं विकत घेतलें. तें योग्य ठिकाणाहून पाहतां यावें म्हणून चौकटीस लावण्याचें एक साधनही सोबत होतें. याच चित्रकारानें अॅमस्टरडॅमच्या रस्त्यांवर दिवे लावण्याची योजना आंखली, आणि १६७२ सालीं भावाच्या साहाय्यानें चामड्याच्या नळीचा आगीचा बंब सिद्ध केला. जो विटा इतक्या प्रेमानें रंगवी, त्यानेंच त्या वांचविण्याचें यंत्र करावें, हें आम्हांस फार शोभेसें वाटतें.

आश्रयदाता बदलला कीं चित्रही बदलतें. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अॅमस्टरडॅम येथील कचेरींत पूर्वेकडील नगरांचीं चित्रें टांगलेलीं असत. योहानेस फिंगबोन्स याच्या नांवावर मोडणारीं तीं चित्रें १६६२-६३ च्या सुमाराचीं असून, त्यांत कोची आहे, आणि विजापूरच्या आदिलशाही मुलखांतील आपलें परिचित रायबागही आहे. फिंगबोन्स हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं. नकाशे व इतरांचीं रेखाटनें पुढें ठेवून त्यानें घरबसल्या काम केलें; आणि ज्या संचालकांच्या भिंतीवर तीं लागलीं, त्यांस त्या नगरांशीं जो संबंध होता तो व्यापाराचा.