तुमच्या ठेवीवर नजर कुणाची?

मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या बपेऱ्यासारख्या (ता. तुमसर) धानपट्ट्यातल्या गावात पीककर्जाची साखळी तीन कड्यांची असते : गावची सेवा सहकारी संस्था, भंडारा जिल्हा मध्यवर्ती बँक आणि मुंबईतली राज्य सहकारी बँक. वरच्या दोन्ही बँकांवर १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायद्याखाली रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण आहे; त्यांची तपासणी मात्र नाबार्ड करते. जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत किमान ९ टक्के भांडवल आहे का, थकबाकी किती, संचालकांच्या नातलगांना कर्ज गेलं का, हे तिथं पाहिलं जातं. हे अधिकार कागदापुरते नाहीत. मे २०११ मध्ये खुद्द राज्य बँकेचं संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. १ एप्रिल २०२१ पासून तर कायदादुरुस्तीमुळे मध्यवर्ती बँकांवरची पकड आणखी घट्ट झाली.

सेवा संस्था मात्र या कायद्याबाहेर आहे. तिच्यावर सहकार निबंधकांची देखरेख असते. जिल्हा बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, संस्थेतल्या ठेवीला नाही. म्हणून धानाचे पैसे ठेवताना पावतीवरचं नाव नीट वाचा : बँकेचं आहे की संस्थेचं?