एका मिलिमीटरमध्ये 21 लाख फेऱ्या

मुंबई–आग्रा महामार्ग आणि सुरतहून जळगाव, भुसावळ, नागपूर करत कोलकात्याला जाणारा महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. एवढी वाहतूक जिथून जाते, तिथे वापरलेल्या टायरांना गिऱ्हाईक मिळतंच. मालक टायर उतरवतो, घेणारा खाचेत बोट घालून विचारतो, "रबर किती शिल्लक आहे?" सगळा सौदा या प्रश्नावर ठरतो. त्याच्या उत्तरात दडलेले आकडे मात्र सहसा कुणी मांडून पाहत नाही.

ट्रकचा नेहमीचा हजार-वीस मापाचा टायर सुमारे एक मीटर उंच असतो. एका फेरीत तो साधारण 3.3 मीटर पुढे जातो, म्हणजे किलोमीटरला 300 फेऱ्या. जळगाव ते धुळे या 90 किलोमीटरांत 27 हजार. हिशेबासाठी धरू, की नव्या टायरवरचं 14 मिलिमीटर रबर झिजेपर्यंत तो एक लाख किलोमीटर धावला. हे अंतर पृथ्वीच्या अडीच प्रदक्षिणांएवढं, आणि फेऱ्या 3 कोटी.

आता 14 मिलिमीटरांना 3 कोटींनी भागा. एका फेरीत झिजलेलं रबर निघतं जेमतेम अर्धा नॅनोमीटर. कार्बनचे तीन-चार अणू शेजारीशेजारी ठेवले, की एवढी जाडी होते. उलट बाजूने पाहिलं तर उरलेला प्रत्येक मिलिमीटर म्हणजे सात हजार किलोमीटर, 21 लाख फेऱ्या, जळगाव–धुळ्याच्या जवळजवळ 80 खेपा. घेणाऱ्याचं बोट दोन मिलिमीटर चुकलं, तर हिशेब 42 लाख फेऱ्यांनी चुकतो. खोली मोजायची साधी पट्टी त्या बोटापेक्षा कितीतरी भरवशाची.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ड्रॅग रेसिंगचा टायर आहे. अमेरिकेतल्या 'टॉप फ्युएल' गाड्यांचं इंजिन 11 हजार अश्वशक्तीच्या घरात असतं. शर्यत सरळ रेषेत, 1,000 फुटांची, म्हणजे 305 मीटरची. पावणेचार सेकंदांच्या आसपास ती संपते आणि तेवढ्यात वेग ताशी 530 किलोमीटरवर गेलेला असतो. मागचा टायर तीन फूट उंच. एका धावेत त्याच्या फेऱ्या होतात शंभराच्या आसपास, आणि सहा-आठ धावांत तो बाद. जन्मभराचा प्रवास अडीच किलोमीटरांच्या आत, फेऱ्या हजाराच्या आत. ट्रकचा टायर त्याच्या किमान 30 हजार पट फिरतो. असा वापरलेला टायर विकायला काढला, तर विकायला असतात उरलेल्या दोन-तीनशे फेऱ्या. म्हणून तिथे पहिला प्रश्न असतो, "किती धावा झाल्यात?"

हवेचा हिशेबही असाच उफराटा. ड्रॅगच्या त्या टायरात हवा फक्त सहा-सात पौंड, कारण त्याला चपटं होऊन रस्ता घट्ट धरायचा असतो. भरलेल्या ट्रकच्या टायरात ती 115 पौंडांपर्यंत लागते. 2018 च्या नियमानुसार दहा चाकी ट्रकचं एकूण वजन 28.5 टनांपर्यंत चालतं. प्रत्येक टायरवर सरासरी आले 2,850 किलो. एवढा भार पेलताना टायर जमिनीला टेकतो तो सुमारे 360 चौरस सेंटिमीटर जागेवर. ए-फोर आकाराचा कागद 624 चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे सगळा ट्रक अशा सहा कागदांपेक्षाही कमी जागेवर उभा असतो.

त्यात खानदेशचं ऊन. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो. पहाटे 30 अंशांवर 115 पौंड भरलेला टायर धावता धावता 70 अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब सुमारे 17 पौंडांनी चढतो. ही नुसती वाढच ड्रॅगच्या टायरातल्या एकूण दाबाच्या दुपटीहून जास्त आहे. शिवाय प्रत्येक फेरीत टायरची बाजू एकदा दबते आणि पुन्हा ताठ होते. हेही 3 कोटी वेळा. वरचं रबर झिजलेलं डोळ्यांना दिसतं. आतल्या धाग्यांचा थकवा दिसत नाही, आणि टायर फुटतो तो कधी कधी त्या थकव्याने.

पण वरचं रबर झिजून टायर गोटा झाला तरी त्याची किंमत शून्य होत नाही. आतला धाग्यांचा सांगाडा धड असेल तर रिमोल्ड करून त्यावर नवं रबर चढतं आणि आणखी लाखो फेऱ्या पदरात पडतात. सांगाडा किती जुना, ते टायरच्या बाजूवरचे चार आकडे सांगतात. 2319 लिहिलं असेल, तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला.

ट्रकच्या कामातून उतरलेला टायर बैलगाडीलाही चालतो. तिथे दोन चाकांवर टन-दीड टन माल आणि वेग माणसाच्या चालीचा. दिवसाला 10 किलोमीटर आणि वर्षातले 200 दिवस धरले, तर वर्षाचे होतात दोन हजार किलोमीटर. ट्रकच्याच गतीने झीज धरली, तरी एका मिलिमीटरवर साडेतीन वर्षं निघतात. संथ चालीत त्याहून जास्त. ट्रकच्या एक लाख किलोमीटरांना बैलांना 50 वर्षं लागतील. तोवर रबरच म्हाताऱ्या कातड्यासारखं तडकतं. त्यामुळे ट्रकसाठी जुना टायर घेणाऱ्याने आधी मिलिमीटर आणि सांगाडा तपासावा. बैलगाडीसाठी घेणाऱ्याने मिलिमीटर सोडून बाजूच्या भेगा आणि ते चार आकडे पाहावेत.