क्रिप्टोची किल्ली आणि माणसाची माहिती

बँकेच्या खात्यातून पैसे चुकून भलतीकडे गेले, तर शाखेत जाऊन अर्ज देता येतो, तक्रार करता येते आणि कधीकधी पैसे परतही मिळतात. बिटकॉइनच्या व्यवहारात अशी सोय मुद्दामच ठेवलेली नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या नऊ पानी निबंधात मध्यस्थाशिवाय पैसे पाठवण्याची पद्धत मांडली होती. मध्ये बँक किंवा कार्ड कंपनी असली की झालेला व्यवहार मागे फिरू शकतो आणि त्याचा फटका माल देऊन बसलेल्या विक्रेत्याला बसतो, असा त्यातला एक युक्तिवाद होता. म्हणून व्यवहार परत न फिरणारा केला गेला. विक्रेत्याला फसवणुकीपासून वाचवण्यासाठी केलेली हीच रचना पुढे फसवणाऱ्यांच्या सर्वांत जास्त कामी आली.

क्रिप्टो चलन म्हणजे एका सार्वजनिक खतावणीतली नोंद. ब्लॉकचेन नावाची ही खतावणी जगभरच्या असंख्य संगणकांवर एकाच वेळी असते, त्यामुळे एकट्यादुकट्याला तिच्यात खाडाखोड करता येत नाही. नोंदीतले चलन हलवायचे तर एक लांबलचक गुप्त संख्या लागते. तिला खासगी किल्ली म्हणतात. किल्ली ज्याच्या हाती, चलन त्याचे. नाव, आधार, सही यांपैकी काहीही ब्लॉकचेन विचारत नाही. एवढी मोठी संख्या लिहून ठेवताना चुका होतात, म्हणून वॉलेट नावाचे अ‍ॅप ती बहुधा १२ किंवा २४ साध्या इंग्रजी शब्दांच्या रूपात देते. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतले असतात. अंदाजाने ते शोधून काढणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. त्यामुळे चोर गणिताच्या वाटेला जात नाही. तो माणसाकडे जातो. माणसाला वश करायचे तर त्याचा फोन नंबर, नोकरी, बचत, आजारपण, एकटेपणा यांची माहिती लागते. क्रिप्टोतली फसवणूक आणि ऑनलाइन खासगीपणा हे दोन विषय वेगवेगळे शिकवले जातात, पण प्रत्यक्षात ते एकमेकांत पुरते गुंतलेले आहेत.

महाराष्ट्राला या फसवणुकीचा मोठा धडा ‘गेनबिटकॉइन’ने दिला. अमित भारद्वाज या सूत्रधाराच्या योजनेत गुंतवणूकदाराने स्वतःचे बिटकॉइन द्यायचे आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्येच घ्यायचा, असा वायदा होता. पैसे ‘मायनिंग’मधून, म्हणजे नवे बिटकॉइन मिळवणाऱ्या यंत्रांतून येतील, असे सांगितले जाई. हिशेब मांडला तर दीड वर्षात १०० चे १८० होतात. कोणत्या यंत्राला असा खात्रीचा परतावा देता येईल, हा प्रश्न पडायला हवा होता. पण योजना सांगायला अनोळखी माणूस येत नसे. नातेवाईक, सहकारी, शेजारी येत, आणि नवा सभासद आणणाऱ्याला दलाली मिळे. २०१७ च्या सुरुवातीला सुमारे १,००० डॉलरचा बिटकॉइन डिसेंबरात २०,००० च्या जवळ गेला. बिटकॉइनमध्ये दिलेला वायदा पाळणे अशक्य झाले, तेव्हा परतावा ‘एमकॅप’ नावाच्या घरच्याच नाण्यात देण्यात आला. बाजारात त्याला किंमत उरली नाही. पुणे पोलिसांनी भारद्वाजला २०१८ मध्ये अटक केली; जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. या योजनेत गोळा झालेल्या बिटकॉइनची २०१७ मधली किंमत सुमारे ६,६०० कोटी रुपये असल्याचे ईडीचे म्हणणे आहे. पुढे देशभरातले गुन्हे सीबीआयकडे वर्ग झाले.

याच प्रकरणातले एक उपकथानक किल्लीचे महत्त्व नेमके दाखवतो. तपासात मदत करण्यासाठी नेमलेल्या दोघा सायबरतज्ज्ञांनाच २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधले चलन त्यांनी परस्पर वळवल्याचा आरोप होता.

‘वनकॉइन’चा प्रकार आणखी उघडा होता. रुझा इग्नातोव्हा हिने २०१४ मध्ये सुरू केलेल्या या ‘चलना’ला खरी ब्लॉकचेनच नव्हती, आकडे कंपनीच्या संगणकावर हवे तसे भरले जात. नवी मुंबई पोलिसांनी एप्रिल २०१७ मध्ये त्याच्या प्रचारसभेवर कारवाई करून प्रचारकांना अटक केली. इग्नातोव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरात बेपत्ता झाली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने तिला सर्वांत जास्त हव्या असलेल्या दहा आरोपींच्या यादीत घातले. मुळात या साऱ्या योजना १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवून केलेल्या उद्योगाच्याच वंशातल्या आहेत. जुन्या सभासदाला नव्याच्या पैशातून द्यायचे आणि नवे येणे थांबले की गाशा गुंडाळायचा. भिशी बुडाल्याच्या आणि चिटफंड पळाल्याच्या कथा ऐकत वाढलेला मराठी माणूस इथे फसला, कारण शब्द नवे होते.

अलीकडचा धोका सभागृहातून थेट फोनमध्ये आला आहे. अनोळखी नंबरावरून ‘चुकून’ संदेश येतो, माफी मागितली जाते, गप्पा सुरू होतात. कधी तो लग्नाच्या संकेतस्थळावरून येतो, कधी थेट शेअर बाजाराच्या टेलिग्राम ग्रुपमध्ये नाव घातले जाते. आठवडेच्या आठवडे कुणीही पैशाचा विषय काढत नाही. मग स्वतःच्या नफ्याचा एखादा स्क्रीनशॉट, एका अ‍ॅपची लिंक आणि ‘दहा हजारांपासून करून बघा’ अशी सूचना येते. पहिला नफा खरोखर खात्यात जमा होतो, आणि सगळ्या फसवणुकीतली कळीची जागा हीच आहे. काढता आलेले चार-पाच हजार रुपये माणसाला कोणत्याही जाहिरातीपेक्षा पक्की खात्री देतात. त्यानंतर ठेवी मोडल्या जातात, सोने गहाण पडते, भविष्यनिर्वाह निधी काढला जातो. अ‍ॅपवर आकडा फुगत राहतो. तो कुणीतरी टाइप केलेला असतो. रक्कम काढायला गेले की ‘आधी ३० टक्के कर भरा’ असे उत्तर येते. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर खरोखरच आहे, त्यामुळे मागणी पटते. पण हा कर विवरणपत्राबरोबर सरकारला भरायचा असतो. आपलेच पैसे सोडवण्यासाठी तो आधी वेगळ्या खात्यात भरायला सांगणारा कोणीही भामटाच असतो.

संदेश पाठवणाऱ्यांतले अनेकजण स्वतः कैदी असतात. कंबोडिया आणि म्यानमारमधल्या तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत चांगल्या नोकरीच्या आमिषाने तरुण नेले जातात, पासपोर्ट काढून घेतले जातात आणि मारहाण करून हे काम करवून घेतले जाते. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना थायलंडच्या माय सोतहून परत आणले.

विश्वासू नावाचा मुखवटा हा तिसरा मार्ग. १५ जुलै २०२० रोजी बराक ओबामा, इलॉन मस्क, जेफ बेझोस अशांच्या ट्विटर खात्यांवरून ‘बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत करू’ असे संदेश गेले. ट्विटरच्याच कर्मचाऱ्यांना फोनवरून फसवून ती खाती ताब्यात घेतली होती. २० सप्टेंबर २०२४ रोजी तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीवर एका क्रिप्टो चलनाचा व्हिडिओ दिसू लागला. पडताळणीची खूण, ओळखीचा चेहरा, सरकारी चिन्ह यांवर विसंबण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. चेहरा आणि आवाज संगणकाने बनवलेलाही असू शकतो.

इतक्या लोकांमधून नेमका माणूस हेरायचा कसा, याचे उत्तर फुटलेल्या माहितीत आहे. ‘लेजर’ ही फ्रेंच कंपनी किल्ली सुरक्षित ठेवण्याचे छोटे यंत्र विकते. तिच्या यंत्रांचे कुलूप शाबूत राहिले, पण २०२० मध्ये तिच्या ग्राहकांची यादी फुटली. सुमारे दहा लाख ईमेल आणि २ लाख ७० हजारांहून जास्त ग्राहकांची नावे, पत्ते, फोन नंबर डिसेंबरात उघड्यावर आले. बनावट पत्रे, धमक्या, अगदी टपालाने आलेली नकली यंत्रे या ग्राहकांच्या वाट्याला आली. २०२५ मध्ये ‘कॉइनबेस’ या अमेरिकी एक्स्चेंजने, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या मंचाने, जाहीर केले, की परदेशातल्या ग्राहकसेवेतल्या काहींना लाच देऊन सुमारे ६९ हजार ग्राहकांचा तपशील काढला गेला. नाव, शिल्लक, ओळखपत्राचे चित्र हाती असलेला माणूस ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणाला, तर शंका कशी यावी?

भारतात एक्स्चेंजला ओळखपत्र द्यावेच लागते. मार्च २०२३ पासून या कंपन्यांना पैशांच्या अफरातफरीविरोधातला कायदा लागू आहे आणि केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी सक्तीची आहे. अशी नोंदणी नसलेल्या अ‍ॅपला कागदपत्रे देणे म्हणजे आधार आणि पॅन रस्त्यावर टाकणे. नोंदणी आहे म्हणून पैसे बुडणार नाहीत असे मात्र नव्हे. जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीला गेले आणि ग्राहकांचे क्रिप्टो वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. करआकारणी म्हणजेही मान्यता नव्हे. क्रिप्टो भारतात कायदेशीर चलन नाही आणि बँकेतल्या ठेवीसारखे विमासंरक्षण त्याला नाही.

ज्यांच्याकडे वॉलेट आहे त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते १२ किंवा २४ शब्द. ते कागदावर लिहून कुलपात ठेवायचे असतात. त्यांचा फोटो काढला की तो आपोआप क्लाउडवर चढतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने गूगल आणि अ‍ॅपल या दोन्ही दुकानांतल्या काही अ‍ॅपमध्ये असा छुपा भाग शोधला, की जो फोनमधले फोटो वाचून हेच शब्द हुडकत होता. कोणतीही खरी कंपनी, मदतकेंद्र किंवा पोलीस अधिकारी हे शब्द विचारत नाही. जो विचारतो तो चोर, इतके हे सरळ आहे. शब्द न विचारताही वॉलेट रिकामे करता येते. एखादे संकेतस्थळ फुकट नाणे देण्याच्या नावाखाली ‘परवानगी द्या’चे बटण दाबायला लावते, ती परवानगी कोऱ्या चेकवर केलेल्या सहीसारखी असते. चलन ज्यावर पाठवायचे तो पत्ता, म्हणजे खातेक्रमांकासारखी लांब अक्षरमाला, नक्कल करतानाही घात होतो. भामटे आधीच्या पत्त्याशी सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जुळणारा पत्ता व्यवहारांच्या यादीत घुसवतात. मे २०२४ मध्ये एकाने असे सुमारे ६.८ कोटी डॉलरचे चलन भलत्याच पत्त्यावर पाठवले. ती रक्कम नंतर बहुतांश परत आली, पण असे सहसा घडत नाही. मोठी रक्कम पाठवण्याआधी अगदी छोटी पाठवून पाहणे आणि पत्त्याची सगळी अक्षरे ताडणे, याला पर्याय नाही.

क्रिप्टो गुप्त असते हा समजही चुकीचा आहे. खतावणी सर्वांना खुली आहे. फक्त तिच्यात नावाऐवजी पत्ता असतो. तो पत्ता एखाद्याच्या नावाशी एकदा जोडला गेला, की त्याची शिल्लक आणि जुने व्यवहार कुणालाही वाचता येतात. नफ्याचे स्क्रीनशॉट कौतुकाने स्टेटसला लावणारे हे विसरतात. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये लेजरच्या एका संस्थापकाचे खंडणीसाठी अपहरण झाले आणि त्याचे बोट तोडण्यात आले. घरात काय आहे हे चारचौघांत न सांगण्याची जुन्या लोकांची सवय इथेही तितकीच उपयोगाची आहे.

बाकीची काळजी फोनच्या पातळीवरची आहे आणि ती अर्ध्या तासात घेऊन होते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ग्रुपात कोण घालू शकेल हे फक्त ओळखीच्यांपुरते ठेवता येते, टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. आधारची प्रत द्यावी लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत मिळते, आणि बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसते, अनोळखी सिम तिथूनच बंद करण्याची मागणी करता येते. कुणी खोट्या कागदांवर आपल्या नंबराचे दुसरे सिम काढले, तर एसएमएसने येणारा ओटीपी त्याच्या हाती पडतो. म्हणून ईमेल आणि एक्स्चेंज यांना एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा पासकी जोडणे चांगले. ईमेलचा पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नसावा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

फसवणूक झालीच, तर पहिले काही तास मोलाचे असतात. क्रिप्टोचा व्यवहार परत फिरत नसला, तरी बहुतेक वेळा सामान्य माणसाने दिलेले असतात ते रुपये, यूपीआयने किंवा बँकेतून, कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात. ते तिथून पुढे सरकण्याआधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर तक्रार गेली, तर बँका ती रक्कम रोखून धरू शकतात. हा क्रमांक डायल करायला लोक दोन-दोन आठवडे लावतात, आणि त्याचे कारण बहुतेकदा लाज असते. ‘हाव केली, भोगा’ हे वाक्य घरातून आणि कधी ठाण्यातूनही ऐकावे लागते. प्रशिक्षित टोळीने महिनोन्‌महिने घडवलेल्या कटाला बळी पडलेल्या माणसाला असे बोलणे अन्यायाचे आहे, आणि त्याचा खरा फायदा टोळीला होतो.

तक्रारीत व्यवहाराचा क्रमांक, ज्या पत्त्यावर चलन गेले तो पूर्ण पत्ता, बँकेचा संदर्भ क्रमांक, गप्पांचे स्क्रीनशॉट आणि समोरच्याचे नंबर द्यावेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही ही माहिती नोंदवता येते. रागाच्या भरात गप्पा पुसून टाकल्या तर पुरावाच जातो. खतावणी खुली असल्यामुळे चोरलेले चलन कोणत्या एक्स्चेंजवर पोचले हे तपास यंत्रणांना अनेकदा माग काढून कळते आणि ते गोठवण्याची मागणी करता येते. मात्र ‘तुमचे बुडालेले क्रिप्टो काढून देतो’ म्हणत फी मागणारे लोक याच काळात संपर्क साधतात. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि हा फोन अनेकदा पहिल्याच टोळीकडून आलेला असतो.